बारच्या मानेवरचा आकडा

सार,

परवा वर्गात एका मुलीने तुमच्याविषयी प्रश्न विचारला आणि मी तिला गप्प बसवलं. तिला तुमचं नाव ठाऊक नाही. तिला फक्त काचेच्या पेटीतला तो तुटलेला पोलादी बार दिसतो आणि त्याखालची पाटी दिसते: ‘अनुभवी निरीक्षकाच्या निष्काळजीपणामुळे निकामी झालेला भाग.’ पाटीवरचा मजकूर माझा आहे. तो बार ज्या आकड्यामुळे तुटला तो आकडा तुमच्या पंचाचा, पोलादावर ठसा उमटवणाऱ्या तुमच्या खिळ्याचा, होता, पण पंचावर हातोडी मारणारा हात माझा होता. ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. त्यांतले तुम्ही गेलात, त्याला आता चौदा वर्षं होतील. उरले ती मी, आणि मी आजवर तोंड उघडलेलं नाही. दर वर्षी पदवीधर प्रशिक्षणार्थींची नवी तुकडी येते, मी त्यांना त्या पेटीसमोर उभं करते आणि तुम्ही कसे चुकलात ते सांगते. चांगलं सांगते. पोरं वहीत लिहून घेतात.

संरक्षण खात्याच्या पदवीधर प्रशिक्षणासाठी माझी निवड झाल्याचं पत्र मिरजेला आलं तेव्हा वडिलांनी ते गल्लीत चार घरी वाचून दाखवलं होतं. पोरीने नाव काढलं, असं जो तो म्हणाला. एक वर्ष शिकायचं, प्रत्येक विभागात काही आठवडे काढायचे, रोज काय केलं ते डायरीत लिहायचं, आठवड्याला विभागाच्या प्रमुखाची सही घ्यायची, आणि वर्षअखेरीस ती डायरी बघून कुणाला कायम करायचं ते ठरणार. त्यातल्या शेऱ्याच्या रकान्याला आम्ही सगळे टरकून असायचो. चेन्नईत उतरले तेव्हा मला तमिळचा ‘त’ येत नव्हता. आमच्या तुकडीत मुली दोनच. कारखान्याच्या भांडारात बायकांच्या मापाचे सुरक्षा-बूट नव्हते, म्हणून पुरुषांचे सात नंबरचे बूट मिळाले आणि पुढे कापूस कोंबून घालायला सांगण्यात आलं. पहिला महिना दुसऱ्या विभागात काढून, ते बूट वाजवत मी तुमच्या तपासणी विभागात आले आणि दारातच टेबलाला टेकून उभी राहिले. तुम्ही भिंग खाली ठेवलंत. छातीवरची माझ्या नावाची पट्टी वाचलीत, मग पुन्हा एकदा वाचलीत आणि म्हणालात, “काय करूंलालीस तिथें? तें टेबल मापाचें आहे. अंग टेकूं नये.”

मला आधी कळेचना की हे मराठी आहे. चाल सगळी तमिळ, शब्द आमच्या पणजीच्या वेळचे. तुमच्या घराण्याने तंजावर गाठलं त्याला साडेतीनशे वर्षं झाली आणि तिथून तुमचे वडील नोकरीसाठी मद्रासला आले, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. त्या वेळी मी नुसती बघत राहिले. तुम्हांला वाटलं, मला ओरडा लागला. मग तुम्ही सारवासारव करून म्हणालात, “मराठीच ना गे तूं? मग कळ्ळें ना?” महिनाभर इंग्रजी आणि खाणाखुणांवर दिवस काढले होते, सार. मला तिथेच रडू आलं आणि तुम्ही भलतेच घाबरलात. कॅन्टीनमधून कापी, तुमच्या तोंडची कॉफी, मागवलीत आणि विभागातल्या सगळ्यांना तमिळमध्ये बजावलंत की मी हिला काहीही बोललेलो नाही.

तुमच्या विभागात टॉर्शन बार तपासले जायचे. घरी वडिलांना मी फोनवर समजावलं होतं तसंच इथे लिहिते: रणगाड्याच्या पोटाखाली आडवे बसवलेले पोलादाचे दांडे, माणसाच्या उंचीचे. चाक दगडावर चढलं की दांडा पिळतो, उतरलं की परत सरळ होतो. आयुष्यभर हेच त्याचं काम. पिळून पिळून तो थकू नये म्हणून त्याचं अंग आरशासारखं गुळगुळीत ठेवायचं. एक ओरखडा पुरे, तिथून तडा सुरू होतो. “बारच्या अंगास नख लागूं नये,” हे तुम्ही मला पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकवलंत की मी रात्री नखं कापून झोपायची. तपासणीत पास झालेल्या बारवर निरीक्षकाने आपल्या पंचाने आकडा मारायचा, पण तो फक्त टोकाच्या सपाट तोंडावर, जिथे पीळ पोचत नाही. मानेवर मारायचा नाही. बार बसवण्यासाठी टोकाला दाते कोरलेले असतात, त्यांच्या खाली जिथे बार बारीक होतो ती मान. तुमचा आकडा सत्तेचाळीस होता. पंच तुमच्या खिशात असायचा, जेवतानाही. दुसऱ्याच्या हातात पंच देणं हा गुन्हा आहे, हे मी आता मुलांना शिकवते.

तुम्ही काही देवमाणूस नव्हता आणि या पत्रात मला तसं करायचंही नाही. तुम्ही तुसडे होता. माझ्या मराठीला तुम्ही ‘रेडिओचें मराठी’ म्हणायचा आणि मी ‘नको’ म्हटलं की ‘नक्को म्हण, जोर पाहिजे’ असं टोकायचा. डब्यात चपाती दिसली की नाक मुरडायचा. पण एका रविवारी मला मैलापूरला घरी बोलावलंत. तुमच्या पत्नीने, मामींनी, स्वयंपाकघरातच पाट मांडला होता, खिडकीतून कोवळं ऊन भांड्यांवर पडलेलं. पानात त्यांनी डांगर वाढलं, उडदाच्या पिठाचं, दह्यातलं, वरून हिंगाची फोडणी. “हें तुमच्यांतहि करतात?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मामी, माझी आई अस्सं करते. त्यांनी तुमच्याकडे असं पाहिलं जणू माझ्यावरून लावलेली पैज त्याच जिंकल्या. त्यानंतर मी दर रविवारी येत राहिले. मामी माझ्या केसांना तेल लावायच्या आणि तुम्ही बाहेरच्या खोलीतून ओरडायचा की ती शिकायला आली आहे, डोकें चोळायला नव्हे. त्या शहरात मला आपलं म्हणणारं ते एकच घर होतं. ते मी माझ्या हाताने घालवलं.

आयुधपूजेचा दिवस. मी तो दिवस कुणाला सांगितलेला नाही, म्हणून तुम्हांलाच सांगते, त्यातला अर्धा तुम्हांला पाठ असला तरी. यंत्रं सकाळपासून पुसून ठेवली आहेत, प्रत्येकाला गंध-कुंकू आणि झेंडूची माळ. भिंतीशी चौरंगावर भिंगं, गेज, मोजपट्ट्या मांडल्या आहेत. तपासणीचं रजिस्टरही बंद करून, वर हळदीकुंकू वाहून ठेवलेलं, कारण सरस्वतीची पूजा एकदा मांडली की विजयादशमी उजाडेपर्यंत वही उघडायची नाही. कागदाच्या पुड्यांतून चुरमुरे-गूळ वाटायला आणलेले. पूजा तीन वाजता. एका लॉटचे बारा बार त्याआधी आकडा मारून, रंगवून, पट्टी गुंडाळून पाठवायचे आहेत; तपासणी तुम्ही सकाळीच केली आहे, रजिस्टरात बाराही पास लिहिले आहेत. आणि तुमच्या विभागाची ती रीत, कुठल्याच नियमात नसलेली: पूजेला ठेवण्याआधी जुन्या माणसाने आपलं हत्यार नव्या माणसाच्या हाती द्यायचं, एका कामापुरतं. तुमच्या गुरूने तुम्हांला दिलं होतं. तुम्ही खिशातून पंच काढलात, कपाळाला लावलात आणि माझ्या तळहातावर ठेवलात. “बारा आहेत. हात कांपूं नये,” म्हणालात, आणि हार आणायला गेटवर गेलात.

अकरा नीट उमटले. बाराव्याला पंच घसरला. तोंडावर अर्धाच चार उमटला, उरलेला नुसता खरवडल्यासारखा. नियम साधा होता आणि मला माहीत होता: बार बाजूला ठेवायचा, निरीक्षकाला दाखवायचा, रजिस्टरात नोंद करायची, तोंड घासून पुन्हा मारायचा. पण रजिस्टर चौरंगावर कुंकवाखाली होतं. तीन वाजायला वीस मिनिटं होती. तुम्ही तुमचं हत्यार माझ्या हातात दिलंत आणि मी ते बाटवलं, असं तुम्हांला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. आधीच्या विभागात मी दंडगोल शाफ्ट पाहिले होते, त्यांच्यावर आकडा मानेवरच मारतात, म्हणजे जोडणीनंतरही दिसतो. मी स्वतःला म्हटलं, इथेही काय होणार आहे, एवढासा आकडा. मी हे अजाणता केलं, असं सांगायचा मोह मला इथेही होतो आहे. ते खोटं आहे. मारण्याआधी माझा हात थांबला होता. मग मी मानेवर मारला. सुबक उमटला, बारांतला सगळ्यांत सुबक. रंगाचा हात दिला, वरून पट्टी गुंडाळली. तुम्ही हार घेऊन आलात, विचारलंत, “सगळें नीट?” मी म्हटलं, “हो, सार.” तुम्ही पंच घेतलात, धोतराच्या फडक्याने पुसलात आणि देवीपुढे ठेवलात. मला पहिला प्रसाद तुम्ही दिलात.

विजयादशमीनंतर सांगता आलं असतं. लॉट अजून गाडीत चढला नव्हता, चार दिवस आवारातच होता. मी रोज त्याच्यावरून जायची. चौथ्या दिवशी गाडी आली आणि मला हायसं वाटलं. हेही लिहून टाकते, हायसंच वाटलं.

नऊ महिन्यांनी दूरच्या चाचणी-मैदानावर तो बार तुटला. रणगाडा वेगात असताना एका बाजूला बसला, आतल्या ड्रायव्हरचा उजवा हात चेंगरला. सत्तावीस वर्षांचा मुलगा. हात राहिला, पण मूठ पुन्हा कधी मिटली नाही, असं नंतर कळलं. तुटलेले दोन तुकडे लाकडी खोक्यातून परत आले. प्रयोगशाळेने लिहिलं, तडा मानेवरच्या आकड्यातल्या साताच्या पायापासून सुरू झाला. सत्तेचाळीस. माझं वर्ष संपायला तीन आठवडे होते.

चौकशीच्या खोलीत मी होते. इंग्रजी टिपणं बरी काढते म्हणून मलाच टिपणं काढायला बसवलं होतं. टेबलावर ते दोन तुकडे, पलीकडे तीन अधिकारी, अलीकडे तुम्ही एकटे, पांढरा शर्ट घातलेले. त्यांनी विचारलं, हा आकडा कुणाचा? तुम्ही म्हणालात, माझा. विचारलं, मारला कुणी? तुम्ही तुकडा उचललात. आधी मान पाहिलीत, मग तो उलटा करून तोंड पाहिलंत. तोंडावरच्या त्या अर्ध्या चारावर तुमचा अंगठा थांबला. तोवर तुम्हांला काही ठाऊक नव्हतं, सार, त्या क्षणी कळलं. मी पाहत होते. तुम्ही माझ्याकडे वळलासुद्धा नाहीत. तुकडा खाली ठेवलात आणि म्हणालात, “मीच.” एक अधिकारी म्हणाला, इतक्या वर्षांत तुमची एक चूक नाही, मग हे कसं? तुम्ही म्हणालात, “वय झालं. नीट दिसत नाही हल्ली.” मी ते लिहून घेतलं. माझ्या सुवाच्य अक्षरात आजही ते फाइलीत आहे.

जिन्यात मी तुम्हांला गाठलं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, जाऊं दे गे. खरं सांगते, मी क्षमा मागायला आले नव्हते, ती घ्यायला आले होते. तुम्ही कठड्याला धरून उभे होता. “चुकलीस तें कांही नाहीं,” तुम्ही म्हणालात. “मीहि चुकलों होतों तुझ्या वयांत. झांकलेंस. तें कोणीं शिकवलें तुज? मी नव्हे.” मग म्हणालात, “आतां गप्प बस. बोललीस तर दोघेंहि जाऊं. पंच मीं दिला होता.” आणि खाली उतरलात. ते तुम्ही माझ्याशी बोललेलं शेवटचं मराठी.

म्हणजे तुम्ही मला वाचवलंत, पण माफ केलं नाहीत. लोक या दोन गोष्टी एक समजतात. दुसऱ्या दिवशी गेटवर तुम्ही मला “गुड मॉर्निंग, मॅडम” म्हणालात. बावीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थी मुलीला, तुमच्या डब्यातलं खाल्लेल्या मुलीला, मॅडम! मला कानफटात बसल्यासारखं झालं. तुमचा पंच काढून घेतला आणि सगळ्यांसमोर ग्राइंडरवर धरून त्याचा आकडा घासून टाकला. नियमच आहे तसा. ठिणग्या उडत होत्या आणि तुम्ही हात मागे बांधून बघत होता. मग तुम्हांला भांडारात बसवलं, हातमोजे आणि बूट वाटायला. वड्याचं तेल वांग्यावर काढलं गेलं आणि वड्याला नोकरीत कायम केलं. माझ्या डायरीत शेवटचा शेरा होता: ‘शिस्तप्रिय, भरवशाची.’ त्यानंतर भांडारात बायकांच्या मापाचे बूट आले तेव्हा ते मला तुमच्या हातून घ्यावे लागले. तुम्ही वहीत सही घेतलीत. “साइज ओके, मॅडम?” मी म्हटलं, ओके.

निवृत्तीनंतर दीड वर्षात तुम्ही गेलात. मी आले होते. मामींनी मला पाहिलं, गळ्यात पडल्या आणि मग अंगणात, सगळे गेल्यावर, माझा हात धरून म्हणाल्या, “त्यांचे डोळे मींच दाखवले नाहींत गे. दोनदां सांगत होते, अंधुक दिसतें म्हणून. मी म्हटलें, दिवाळी होऊं दे. तेव्हांच डाक्टराकडे नेलें असतें तर तें तसें झालें नसतें. नांव तरी राहिलें असतें त्यांचें.” तुम्ही घरीही तेच सांगितलं होतंत तर. बायकोलासुद्धा. मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, “मामी, तुमचा काही दोष नाही.” एवढंच म्हटलं. ते वाक्य खरं होतं आणि मी ते अशा सुरात म्हटलं की त्यांना ती समजूत वाटावी. त्यांनी डोळे पुसले आणि त्यांचा विश्वास बसला नाही. आजही नाही. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलीकडे असतात, तिथेच मैलापुरात. वर्षातून एकदा मी जाते. दर खेपेला त्या डोळ्यांचा विषय काढतात आणि दर खेपेला मी तेच वाक्य म्हणते. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला नकार दिला. मुलगी मला म्हणाली, “तुम्ही तरी सांगा ना, तुमचं ऐकेल ती.” मामी म्हणाल्या, त्यांना नाहीं मिळालें, मज कशाला?

माझं मात्र सगळं झालं. बढत्या झाल्या, क्वार्टर मिळालं, तमिळची खात्याची परीक्षासुद्धा पास झाले. आता बार गुम्मिडिपूंडीच्या एका खाजगी कारखान्यात बनतात, आकडा यंत्र उमटवतं, कुणाच्या खिशात पंच नसतो. मी तिथे तपासणीला जाते आणि पहिलं काय करते तर माना बघते. सगळ्या स्वच्छ असतात. मला त्याचं समाधान वाटायला हवं. वाटत नाही. मला आताशा कशाचंच वाटत नाही; सकाळी गेटवर ओळखपत्र दाखवते तेव्हा आपण कुणाच्या तरी जागेत शिरतो आहोत असं वाटतं, तेवढंच. तो तुकडा पेटीत ठेवायची कल्पनाही माझीच. प्रशिक्षण विभाग माझ्याकडे आला तेव्हा मी तो फाइलींच्या खोलीतून शोधून आणवला. असं वाटलं होतं की रोज डोळ्यांसमोर असला तर एक दिवस मी बोलेन. उलटंच झालं. रोज बोलून बोलून ती गोष्ट माझ्या तोंडात इतकी बसली की कधी कधी मलाच दिसायचं, चष्मा पुसत तुम्ही तो आकडा मारता आहात.

परवाची मुलगी तिरुनेलवेलीकडची आहे. बारीक, तेल लावून घट्ट वेणी, कधी पुढे येऊन बोलत नाही. माझं सांगून झालं, बाकीचे चहाला निघाले, ती पेटीशी वाकून उभी. तिने तमिळमध्ये विचारलं, “मॅडम, त्या लॉटमधल्या बाकीच्या बारांवर आकडा कुठे होता?” मी म्हटलं, तोंडावर. “मग त्याच माणसाने त्याच दिवशी अकरा बरोबर मारले आणि एकच चुकीचा?” मी म्हटलं, वय झालं होतं, दिसत नव्हतं. ती म्हणाली, “पण इथे तोंडावर अर्धा आकडा आहे, मॅडम. म्हणजे आधी तोंडावरच मारायला गेला, तो बिघडला, मग मानेवर मारला. न दिसणारा माणूस असं नाही करणार. आणि जुना माणूस बिघडलेला आकडा सरळ दाखवून मोकळा होईल. लपवायचं कुणाला सुचतं? नवीन माणसालाच लाज वाटते.” तिला काही संशय नव्हता, सार. ती गणित सोडवल्यासारखं बोलत होती, आणि उत्तर आलं म्हणून तिचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत शेकडो पोरं त्या पेटीसमोरून गेली, तीन अधिकारी चौकशीत बसले, आणि तो अर्धा चार फक्त तुम्हांला आणि या पोरीला दिसला.

मी म्हणू शकले असते. खोलीत आम्ही दोघीच होतो. एक वाक्य, ‘बरोबर आहे तुझं.’ मी म्हटलं, “चौकशी झालेली आहे. आपण इथे गुन्हेगार शोधायला आलेलो नाही.” तिचा चेहरा विझला. ती “सॉरी, मॅडम” म्हणाली आणि गेली. तेवढ्यावर राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. संध्याकाळी आठवड्याच्या डायऱ्या सहीला आल्या. तिने त्या दिवशीच्या पानावर बारचं चित्र काढलं होतं, दोन्ही आकडे दाखवून, आणि खाली प्रश्नचिन्ह. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘शंका काढण्यापेक्षा सूचना पाळण्याकडे लक्ष द्यावे.’ सही केली. असा एक शेरा वर्षअखेरीस पुरतो, हे मला माहीत आहे. माझ्या जागी तुम्ही असतात तर तिला पंच दिला असता. मी तिच्या तोंडाला कुलूप घातलं. तुम्ही जिन्यात विचारलं होतंत, कोणी शिकवलें? आता मीच शिकवते आहे.

आज रविवार. डायरी समोर आहे, उद्या सकाळी ती परत द्यायची. दुपारपासून मी हे लिहिते आहे. शेरा खोडला तर का खोडला ते वरच्याला सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर पेटी उघडावी लागेल, मग फाइल, मग माझी टिपणं. मी पेन हातात घेतलं होतं. खोडलेला नाही.

हे पत्र घेऊन मामींकडे जावं असं मध्येच मनात आलं. मग लक्षात आलं, आणि खरं तर लिहायला बसण्याआधीपासून लक्षात होतं, की तुमच्या घरात बोलणं मराठी होतं, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळ. देवनागरी तुम्हांला येत नव्हती, मामींना येत नाही, तुमच्या मुलीला येत नाही. माझ्या कार्यालयात तर कुणालाच येत नाही. मला तमिळ लिहिता येतं, सार. चांगलं येतं. तरी मी मराठीत लिहिलं.